राठोड साहेबांच्या ब्रेकचा पंचनामा

कालवा निरीक्षक नरसिंग राठोड यांनी आपल्या मारुतीचे ब्रेक स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले तो दिवस रविवार होता आणि तारीख होती दोन नोव्हेंबर दोन हजार तीन. तारीख इतकी नक्की सांगता येते, कारण ती पुढे एका कागदावर आली आणि तो कागद औंढ्याच्या जीप थांब्यावर पाच आठवडे टांगलेला होता. वाचता येणाऱ्यांनी तो वाचला, न येणाऱ्यांनी वाचून घेतला.

गाडी पांढरी, नांदेडच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. राठोडांच्या तांड्यातली ती पहिली चारचाकी. आजोबांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख तुडवला होता. त्या घराण्यात चाकं यायला एवढा काळ लागला. त्यामुळे राठोड ती गाडी चालवत नसत, मिरवत असत. सिद्धेश्वर धरणाच्या वसाहतीतून औंढ्यापर्यंत ते काच खाली करून, कोपर बाहेर काढून जात, आणि समोरून ओळखीचं कुणी आलं की हॉर्न न वाजवता वेग कमी करत. वेग कमी करताना ब्रेक चिरकू लागले, तेव्हा मिरवण्यात अडथळा आला.

औंढ्याच्या जीप थांब्यासमोर रत्नपालचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. रत्नपाल आणि राठोड हिंगोलीच्या वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत राहिलेले. रत्नपालनं पुढे एका वर्कशॉपमधली पक्की नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी हे दुकान टाकलं होतं. थांब्यावरच्या काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांच्या भरवशावर ते चालत होतं. त्यानं शेल्फवरून ब्रेक पॅडचा डबा काढला आणि म्हणाला, "गाडी आन दुपारी. अर्ध्या तासात बसवून देतो."

"अर्धा तास तुझा काहून घालवू?" राठोड म्हणाले. "कालव्याचे दरवाजे बसवून घेणारा माणूस आहे मी. ब्रेक म्हणजे काय, दरवाजाच. पाणी थांबवण्याऐवजी चाक थांबवायचं."

"दरवाजे तू बसवतोस का बसवून घेतोस?"

या प्रश्नाकडे राठोडांनी दुर्लक्ष केलं. पुढे जे घडलं, त्याची सुरुवात या दुर्लक्षापासून धरावी लागेल.

ज्यांनी चाकाच्या आत कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगायला हवं: पुढच्या चाकामागे एक गोल लोखंडी तबकडी असते. तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड असतात. ब्रेक दाबला की ते तबकडीला चिमट्यासारखं धरतात. पॅडची एक बाजू लोखंडी पत्र्याची, दुसरी काळ्या, मऊसर मसाल्याची. काळी बाजू तबकडीकडे ठेवायची. हे जगातल्या प्रत्येक मेकॅनिकला माहीत आहे, म्हणूनच ते कुणी कुणाला सांगत नाही.

राठोडांनी चाक काढलं, जुने पॅड काढले आणि त्यांची तपासणी केली. ते इतके झिजले होते की काळा मसाला नावालाही उरला नव्हता. दोन्ही बाजूंनी लोखंडच. तबकडीकडची बाजू घासून चकचकीत झालेली. म्हणजे लोखंडच घासत होतं, असं राठोडांनी अनुमान काढलं. शिवाय घराण्याचं ज्ञान मदतीला आलं. त्यांच्या आजोबांचा बैलांना नाल मारण्यात हात धरणारा कुणी नव्हता. नालेत लोखंड कुठे असतं? जिथे घासायचं तिथे. मऊ खूर आत, कठीण लोखंड बाहेर. तर मग काळी मऊ बाजू ही आतली गादी, आणि लोखंडी बाजू तबकडीकडे. या तर्कात चूक शोधणं सोपं नाही. राठोडांना तर ती अठ्ठावीस दिवस सापडली नाही.

पॅड सरळ जाईनात, म्हणून त्यांनी हातोडी घेतली. वस्तू सहज जात नसेल तर ती उलटी असू शकते, हा विचार त्यांना नंतर सुचला. तेव्हा त्यांना फक्त एवढंच वाटलं की नवीन माल घट्ट असतो. दोन चाकांचे चार पॅड त्यांनी एकाच पद्धतीनं बसवले. राठोडांच्या कामात सातत्य होतं.

पाच वाजता चाचणीसाठी गाडी निघाली. शेजारी बायको मिना. वसाहतीच्या फाटकाशी राठोडांनी ब्रेक दाबला आणि गाडीच्या पोटातून असा आवाज आला की जात्यात कुणीतरी मूठभर खडी टाकली. खर्रर्र! फाटकाजवळची कुत्री उठली. मिनानं दाराची कडी धरली.

"हे काय होतं?"

"नवीन आहे," राठोड म्हणाले. "नवीन चप्पलही वाजते."

"चप्पल एवढी वाजली तर मी ती दुकानात परत नेते," मिना म्हणाली आणि उतरून पायी घरी गेली.

शेजारच्या क्वार्टरमध्ये सुदामराव राहत. एसटीत सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन जावयाकडे आलेले. त्यांच्याकडे सगळ्या बिघाडांवर एकच औषध होतं, ते म्हणजे धीर. त्यांनी कान चाकाला लावला, डोळे मिटले, आणि निदान केलं.

"लायनर बसायला टाइम लागतो, साहेब. शंभर किलोमीटर पळवा. बराबर बसंल."

"शंभर?"

"आमच्या बशीला तर हजार लागायचे. पॅसेंजरला सवय होती."

राठोडांनी तीन संध्याकाळी गाडी पळवली. धरणावरून औंढा, औंढ्याहून धरण. बसण्याऐवजी आवाजानं जोर धरला. पहिल्या दिवशी तो ब्रेक दाबल्यावर येई, दुसऱ्या दिवशी न दाबताही येऊ लागला. वळणावर मासळी विकायला बसणाऱ्या बायांना राठोड दिसायच्या आधी ऐकू येत. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "साहेबाची गाडी येऊन राहिली, पाट्या बाजूला घे." तिसऱ्या दिवशी एका जीपवाल्यानं बरोबरीनं गाडी आणली, काचेतून डोकं काढलं आणि आदरानं विचारलं, "साहेब, रसवंती चालू केली काय? दोन गिलास द्या की."

त्या जीपमध्ये चौदा माणसं होती. चौदाही हसली. राठोडांनी काच वर केली आणि त्या दिवसापासून कोपर बाहेर काढणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते रत्नपालकडे गेले. गाडी त्यांनी मुद्दाम देवळाच्या अंगाला उभी केली आणि दुकानापर्यंत चालत गेले.

"पॅड वाजून राहिलेत."

"वाजायला नको. गाडी कुठंय? आन, दोन मिनिटं बघतो."

गाडी आणायची म्हणजे जीपवाल्यांसमोर ती आणायची. चौदा माणसांचं हसणं राठोडांच्या कानात अजून ताजं होतं. "गाडी बघायची गरज नाही," ते म्हणाले. "माल बदलून दे."

रत्नपालनं दुसरी जोडी काढून दिली. कांबळे बाईंच्या हॉटेलातून चहाही मागवला. वसतिगृहातली मैत्री होती.

दुसरी जोडी राठोडांनी जास्त काळजीनं बसवली. म्हणजे तशीच उलटी, पण पुसून. आवाज तोच. किंबहुना आता त्यात वरचा एक सूर मिसळला होता.

इथून पुढे प्रकरण तांत्रिक राहिलं नाही, प्रशासकीय झालं. राठोडांची नोकरी पंचनाम्यांवर चालत असे. कुणी रात्री कालवा फोडला, कुणी मंजुरीपेक्षा जास्त पाणी घेतलं, की राठोड जागेवर जात, दोन पंच उभे करत आणि लिहीत. समोरच्या माणसाचं म्हणणं सगळ्यात शेवटी, एका ओळीत घेत. सोळा वर्षांत त्यांचा एकही पंचनामा खोटा ठरला नव्हता. त्यांची ठाम समजूत होती की जे लिहून सही केलं ते घडलं.

नऊ तारखेच्या रविवारी सकाळी दहा वाजता, आठवड्याच्या ऐन गर्दीत, ते दुकानासमोर उभे राहिले. बरोबर सुदामराव. दुसरा पंच म्हणून त्यांनी थांब्यावरून लखमाला बोलावलं. लखमा जीपवाल्यांचा म्होरक्या; त्याच्या शब्दावर बावीस जीपा निघत आणि थांबत. कागद राठोडांनी स्वतःचा आणला होता, खाजगी कामाला सरकारी कागद वापरायचा नाही एवढे ते प्रामाणिक होते. कार्बन मात्र सरकारी होता.

त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं: "सदर दुकानातून घेतलेल्या ब्रेक पॅडच्या दोन जोड्या एकामागून एक बसवून पाहिल्या असता दोन्हींतून घासल्याचा मोठा आवाज येतो. सबब माल निकृष्ट व वाहनास धोकादायक आहे असे पंचांचे मत झाले."

"पंचांचं मत?" रत्नपाल म्हणाला. "लखमा, तू गाडी बघितली?"

"बघितली न्हाई, पण ऐकली," लखमा म्हणाला. "दोन कोसावरून ऐकली."

गर्दी हसली, पण यावेळी हसणं राठोडांच्या बाजूनं होतं. ते त्यांना बरं वाटलं. हे बरं वाटणं त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिलं.

"नरसिंग," रत्नपाल हळू आवाजात म्हणाला, "गाडी आन. मी खोलतो. समद्यांसमोर खोलतो. माल खोटा निघाला तर दुकानाला कुलूप लावतो."

"ज्याच्यावर आरोप आहे त्यानंच तपास करायचा का?" राठोड म्हणाले.

वाक्य सुरेख होतं. गर्दीत दोघांनी मान डोलावली. रत्नपालनं गल्ल्यावरचा फडका उचलला, काउंटर पुसलं, आणि म्हणाला, "लिहा मग, राठोड साहेब. माझं म्हणणं काय ते शेवटच्या वळीत लिहा."

चार वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसानं 'साहेब' म्हटलं. राठोडांनी ते ऐकलं, आणि लिहिलं: दुकानदार यांस काही सांगावयाचे नाही.

लखमानं आपली प्रत घेतली, पोस्ट ऑफिसशेजारी जाऊन लॅमिनेट करून आणली आणि थांब्याच्या कडुलिंबाला खिळा मारून टांगली. बावीस जीपा त्या दिवसापासून सामानासाठी वसमतला जाऊ लागल्या. रत्नपालच्या दुकानात डबे होते, रत्नपाल होता, आणि रस्त्यावरून येणारी धूळ होती.

राठोडांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि फटफटीवर कालवा फिरू लागले. न्याय झाला होता, आवाज मात्र तसाच होता. तीन आठवड्यांनी मिनाच्या माहेरी लग्न निघालं. तिथे नव्या गाडीनं जायचं कबूल करून बसलेले राठोड तीस तारखेला पुन्हा जॅक घेऊन अंगणात उतरले. वसमतहून पॅड आणायच्या आधी एकदा सगळं खोलून पाहावं, असा विचार.

चाक काढलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. चाकामागच्या दांड्याला काळ्या दोऱ्यात ओवलेल्या सात कौड्या बांधल्या होत्या.

"याडी!" ते ओरडले.

त्यांची आई अनुसयाबाई ओसरीवर डाळ निवडत होती. वय पंचाहत्तरच्या पुढे, दंडात अजून बांगड्यांची रांग. ती शांतपणे उठून आली.

"हे तू बांधलंस?"

"व्हय. मीठ वाहणाऱ्या लदेणीच्या बैलाला बांधायचो. वाट धरतो बैल."

"ही गाडी आहे, याडी! बैल नाही! या कौड्या घासून राहिल्या होत्या आत! महिनाभर सगळ्या औंढ्यात माझी शोभा! एका माणसाचं दुकान…" इथे ते थांबले, कारण वाक्य पुढे कुठे जातंय ते त्यांना दिसलं. म्हणून त्यांनी ते उलट दिशेनं नेलं. "शिकलेल्या माणसाच्या घरात हे असलं! मला विचारायचं तरी!"

पोरगं ओरडून दमेपर्यंत अनुसयाबाई थांबली. मग तिनं कौड्या सोडून हातात घेतल्या आणि त्याच्यासमोर धरल्या. सातही गुळगुळीत. एकीवर ओरखडा नव्हता.

"घासल्या असत्या तर झिजल्या असत्या," ती म्हणाली. "आन म्या कवा बांधल्या? गाडी बोंबलती म्हून तू तिच्यावर ताडपत्री टाकलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी बांधल्या. पुन्यांदा बोंबलू नये म्हून."

सोळा वर्षांत राठोडांच्या पंचनाम्याला इतकं नेमकं उत्तर कुणी दिलं नव्हतं. आधी काय, नंतर काय, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

म्हातारी खाली बसली. तिनं तबकडीवर बोट फिरवलं. तबकडीला चरे पडले होते, नांगरटीसारखे. मग तिनं पॅडकडे पाहिलं. "लोखंडावर लोखंड घातलंस व्हय?"

"नालेत कसं असतं? घासतं तिकडं लोखंड. आजोबा कसे मारायचे?"

"नालंखाली काय असतंय?"

"रस्ता."

"रस्ता कुणाचा?"

राठोडांनी फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"रस्ता सरकारचा. झिजला तर झिजला," अनुसयाबाई म्हणाली. "हे चाक तर तुझंच हाय, बेटा. आपल्याच चाकाला नाल मारतंय का कुणी?"

दारात उभी असलेली मिना आत गेली. ती हसायला आत गेली, हे राठोडांना कळलं. नवरा बाहेर बसलेला असताना त्याच्यासमोर हसायचं नाही एवढी माया तिनं राखली. अर्ध्या तासात चारही पॅड उलटे करून, म्हणजे सुलटे करून झाले. हातोडी लागली नाही. गाडी फाटकापर्यंत गेली, थांबली, परत आली. तबकडीच्या चऱ्यांची बारीक गुणगुण सोडली तर आवाज नव्हता.

त्या शांततेत राठोडांना जे ऐकू येऊ लागलं ते आधीच्या आवाजापेक्षा वाईट होतं.

आता सरळ मार्ग एकच होता: औंढ्याला जायचं, रत्नपालला सांगायचं, लखमाला सांगायचं. पंधरा मिनिटांचं काम. राठोडांनी त्याला दोन आठवडे लावले. सोमवारी त्यांना ताप असल्यासारखं वाटलं. मंगळवारी नव्हता, पण येईल असं वाटलं. बुधवारी ते गेले आणि दुकानासमोरून काच वर करून पुढे निघून गेले. रत्नपाल रिकाम्या काउंटरमागे डब्यांवरची धूळ झटकत होता. तेच डबे, डावीकडून उजवीकडे. परत येताना पाहिलं तर उजवीकडून डावीकडे.

गुरुवारी सुदामरावांनी कुंपणावरून विचारलं, "आवाज गेला जणू?"

"गेला."

"मी म्हणलो होतो ना, टाइम लागतो!" आणि सुदामराव ही बातमी घेऊन पहिल्या जीपनं औंढ्याला गेले.

शनिवारी लखमा स्वतः वसाहतीत आला. "साहेब, गाडी मोकळी झाली म्हणं. वसमतचा माल घातला ना?"

हा क्षण देवानं आणून दिला होता. राठोडांनी तोंड उघडलं. आणि त्यातून आलं, "हं."

एका अक्षराचं खोटं. पण लखमाला तेवढं पुरलं. "बघा! मी म्हणलोच सगळ्यास्नी! साहेब, तुमी नसते तर आमच्या बावीस गाड्या त्याच मालावर पळत व्हत्या. माणसं मेली असती. संघटनेनं ठरवलंय, चौदा तारखेला थांब्यावर तुमचा सत्कार."

"सत्कार नको," राठोड म्हणाले. "तो कागद… तो कागद मिळेल का परत?"

"कागदाला काय झालं? लॅमिनेशन केलंय. पाऊस आला तरी जायाचा न्हाई."

त्या रात्री मिनानं ताट वाढताना विचारलं, "जाणार का?"

"नाही गेलो तर विचारतील का नाही आलात."

"आणि गेलात तर?"

राठोडांनी भाकरी मोडली, ठेवली. "सांगेन मी. योग्य वेळ बघून सांगेन."

"सांगा," मिना म्हणाली. "आणि शाल घेताना सरळ बाजू बघून घ्या."

चौदा डिसेंबरला लिंबाखाली लग्नाच्या मांडवातल्या बारा लाल खुर्च्या, एक टेबल आणि एक माइक होता. माइकला फुलांचा हार होता, बहुधा राठोडांचा आधी त्याला घातला असावा. रस्त्यापलीकडे, वीस पावलांवर रत्नपालचं दुकान. शटर वर होतं. तो काउंटरमागे उभा होता, हाताची घडी घालून. आज तरी दुकान बंद ठेवील अशी राठोडांना मनातून आशा होती. दोन वर्षांत त्यानं रविवार बुडवला नव्हता, तो आजही बुडवला नाही.

लखमानं तो हार काढून राठोडांच्या गळ्यात घातला, वर शाल घातली, नारळ दिला आणि पंधरा मिनिटं बोलला. साहेबांचा कान, साहेबांची नजर, साहेबांचा कागद. "असा माणूस दर गावात पाहिजे," तो म्हणाला, "म्हंजी दुकानदार लोक सरळ राहतेल." 'दुकानदार लोक' म्हणताना सगळ्या माना रस्त्यापलीकडे वळल्या. रत्नपालची घडी सुटली नाही. फक्त त्यानं खाली पाहिलं.

राठोड उठले. खिशात भाषण होतं, दोन पानी, त्यात 'प्रसंगवशात काही गैरसमज' असं एक वाक्य पेरलेलं. त्यांनी कागद काढला, चष्मा लावला, आणि ते वाक्य वाचायला गेले तेव्हा ते त्यांना असं दिसलं जसं दुसऱ्या कुणाचं दिसतं: एका भित्र्या माणसानं लिहिलेलं. त्यांनी कागद दुमडला.

"ब्रेक पॅड चांगले होते," ते माइकमध्ये म्हणाले. "मी उलटे बसवले होते. दोन्ही जोड्या मी उलट्या बसवल्या. रत्नपालचा माल खरा आहे. आज माझ्या गाडीत तोच माल आहे. वसमतचा नाही. खोटा माझा कागद आहे."

क्षणभर माइकची नुसती शिट्टी ऐकू आली. मग लखमानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

"बघा!" लखमानं माइक घेतला. "बघा मोठं मन! गरीब दुकानदाराचं पोट जाऊ नये म्हून साहेब समदं सोताच्या अंगावर घेऊन राहिले! मोठ्या साहेबाला पॅड बसवता येत न्हाईत व्हय? लेकराला बी येतेत!"

टाळ्या वाढल्या. राठोड उभेच होते. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःविरुद्ध खरं बोलले होते आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. रस्त्यापलीकडे रत्नपालनं मान हलवली, अगदी थोडी, आणि तो आत वळला.

तेव्हा राठोडांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, बुशशर्टाच्या बाह्या वर केल्या आणि लिंबाच्या पलीकडे उभ्या केलेल्या आपल्या गाडीतून जॅक काढला.

पुढचा तास औंढ्यात बराच काळ सांगितला गेला. राठोडांनी ऐन थांब्यावर, सत्काराच्या हारासकट, पुढचं डावं चाक काढलं. कुणाला हात लावू दिला नाही. पहिला नट ते उलट्या दिशेनं आवळत होते, ते चार जीपवाल्यांनी एकदमच सांगितलं. पॅड काढले, वर धरले. "ही काळी बाजू. ही लोखंडी. मी असे बसवले होते." आणि त्यांनी ते तसे बसवले. हातोडीनं. गर्दीतून कुणीतरी विव्हळलं, जसं दुसऱ्याच्या दुखऱ्या दाढेला बोट लागल्यावर आपण विव्हळतो.

"अहो, न्हाई जात ते तसे!" लखमा म्हणाला.

"जातात," राठोड म्हणाले. "हाणले की जातात."

चाक चढवलं, गाडीत बसले, थांब्याभोवती एक फेरी मारली आणि लखमासमोर ब्रेक दाबला.

खर्रर्र!

लखमानं कानावर हात नेला आणि तसाच ठेवला. बावीस जीपांच्या ड्रायव्हरांना हा आवाज ओळखीचा होता, आणि तो कुठून येतो ते आता त्यांनी पाहिलं होतं. आधी एक जण हसला. मग सगळा थांबा हसला, पोट धरून, खुर्च्यांवर हात आपटून. राठोड स्टिअरिंग धरून बसून राहिले. घामानं हार मानेला चिकटला होता. काच खाली होती. या वेळी ती त्यांनी वर केली नाही.

हसणं ओसरल्यावर लखमा हळूच जवळ आला. खिडकीशी वाकला, पण साहेबांकडे न बघता बोलला. "साहेब… ते शालीचं…"

"ने," राठोड म्हणाले.

"नारळ राहू द्या," लखमा म्हणाला. मग सरळ झाला, लिंबापाशी गेला आणि खिळ्यावरचा कागद ओढून काढला. लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही. त्यानं तो दोनदा फाडायचा प्रयत्न केला, मग दुमडून आपल्या जीपच्या सीटखाली घातला, आणि रस्ता ओलांडून रत्नपालच्या काउंटरसमोर जाऊन उभा राहिला. तिथे तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं तो एक फॅनबेल्ट घेऊन परत आला. त्याला फॅनबेल्ट लागत नव्हता, हे थांब्यावर सगळ्यांना माहीत होतं.

गर्दी पांगली तेव्हा राठोड पुन्हा चाकाशी बसले होते, पॅड सुलटे करायला. एक सावली पडली. रत्नपाल होता. तो उकिडवा बसला, तबकडीवर नख फिरवलं.

"डिस्क गेली ही. दोन्हीकडची."

"तुझ्याकडं आहे?"

"हाय."

राठोडांनी नटांकडे बघत म्हटलं, "रत्नपाल, मी…"

"पॅड कुणाचे बी उलटे बसतेत," रत्नपाल म्हणाला. "त्याचं काय न्हाई. तीनदा म्हणलो, गाडी आन. तीनदा. तुला माझ्या हातावर भरवसा न्हाई असं मला पाच हप्ते वाटलं. तुला लाज वाटून राहिली व्हती हे ध्यानातच आलं न्हाई."

राठोडांनी हातातला नट पुसला.

"डिस्क देतो," रत्नपाल उठत म्हणाला. "पण तुझ्या हातात द्यायचो न्हाई. गाडी ढकल इकडं."

राठोडांनी गाडी ढकलली. रत्नपालनं दुकानासमोर गोणपाट अंथरलं, आडवा झाला आणि काम सुरू केलं. राठोडांना त्यानं नट धरायला सांगितले, आणि राठोड दोन्ही हातांच्या ओंजळीत नट घेऊन, गळ्यात चुरगळलेला हार, असे भर बाजारात बसले. वसमतच्या जीपमधून एक अनोळखी म्हातारा उतरला, गाडीपाशी थांबला, वाकून बघत म्हणाला, "काय झालं, पाव्हणं, गाडीला?"

रत्नपालचा हात आत थांबला. तोही उत्तर ऐकायला थांबला होता.

"काही नाही," राठोड म्हणाले. मग त्यांनी ते वाक्य सोडून दिलं आणि दुसरं घेतलं. "मी दुरुस्त केली होती."